खंदक-अलंकार
खंदक-अलंकार : पहिल्या महायुद्धात (१९१४–१८) रणभूमीवर सापडलेल्या टाकाऊ धातूपासून व इतर फुटकळ वस्तूंपासून घडविलेले दागिने. सैनिक, युद्धकैदी आणि युद्धग्रस्त प्रदेशांतील रहिवासी हे त्यांचे कारागीर. खंदक-कला या व्यापक संज्ञेत त्यांचा अंतर्भाव होतो. गणवेशाच्या गुंड्यांचे ब्रूच व टोपीच्या टाचण्या, नाण्यांची पदके असे त्यांचे अनेक प्रकार असले, तरी फ्रेंच सैनिकांनी केलेली ॲल्युमिनियमची अंगठी हा त्यांतील सर्वांत विपुल व वैशिष्ट्यपूर्ण प्रकार होय.

ॲल्युमिनियम ही त्याआधी साठ वर्षांपूर्वी दुर्मिळ धातू होती. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात ती नवलाई म्हणून मांडली गेली आणि धनिकांचे दागिनेही तिचे होऊ लागले. १८८६ मध्ये हॉल व एरू यांनी स्वतंत्रपणे शोधलेल्या विद्युत्-विच्छेदन पद्धतीने ती स्वस्त झाली व तोफगोळ्यांच्या फ्यूजमध्ये वापरता येऊ लागली. जर्मनांच्या ७७ मिमी. तोफेच्या गोळ्यांचे फ्यूज फ्रेंच सैनिकांना या धातूचा आयताच पुरवठा करीत. श्रीमंतांच्या अंगावरील धातू अशा रीतीने शत्रूच्या गोळ्यावाटे शेतकरी सैनिकाच्या हाती आली.

ॲल्युमिनियम सु. ६६०° से. तापमानास वितळते, म्हणून पळी किंवा डबा आणि चांगला फुललेला विस्तव एवढ्यावर काम भागे. रस साध्या साच्यात ओतून मिळालेल्या तुकड्याला भोक पाडीत, कानशीने आकार देत आणि घासून झिलई आणीत. गोळ्याभोवतीच्या तांब्याच्या पट्ट्याचे कण कोरलेल्या खाचेत ठोकून नाव, आद्याक्षरे किंवा हृदयाकृती बसविली जाई. पांढऱ्या धातूवर तांबूस अक्षरे उठून दिसत. काम किरकोळ वाटले, तरी त्यात जिवाचा धोका होता. न फुटलेल्या गोळ्याचे फ्यूज काढताना माणसे जखमी होत, क्वचित प्राणासही मुकत.

कवी गियोम आपोलिनेर १९१५ मध्ये शांपेन आघाडीवर तोफखान्यात असताना अशा अंगठ्या करीत असे. लू (लुईझ द कोलिन्यी-शातियाँ) व मादलेन पाजेस या दोघींनाही त्याने त्या पाठविल्याचे त्याच्या पत्रांतून दिसते. अंगठी घरी वा प्रेयसीकडे जाई, सोबत्यांत विकली जाई, तंबाखूच्या मोबदल्यातही दिली जाई.

या वस्तू भडिमाराखाली, आघाडीच्या चरातच घडल्या, ही लोकप्रिय समजूत अंशतःच खरी आहे. ज्या कामाला विस्तव, अवजारे आणि सलग वेळ लागतो, ते बव्हंशी पिछाडीच्या विश्रांतिस्थळी, तोफखान्याच्या तळांवर व दुरुस्ती-कारखान्यांतच होणे शक्य होते. लोहार, जडकाम करणारे, घड्याळजी यांसारखे कसबी लोक सैन्यात भरती झाले होते आणि चांगल्या नगांत त्यांचा हात स्पष्ट दिसतो. ब्रिटिश सैन्यात पितळी काडतूस-नळकांडी ही सरकारी मालमत्ता असल्याने तिचा असा वापर नियमबाह्य होता. प्रत्यक्षात मात्र त्याकडे बरेचसे दुर्लक्ष झाले असावे, कारण अशा नळकांड्यांच्या वस्तू आजही मोठ्या संख्येने आढळतात. इजिप्तमधील ब्रिटिशांच्या छावण्यांतील तुर्की युद्धकैद्यांनी काचमण्यांचे साप व हार विणले. तोही याच परंपरेचा भाग मानला जातो.

युद्धानंतर ईप्र आणि सॉम परिसरातील उद्‌ध्वस्त गावांकडे परतलेल्या लोकांनी शेतातील भंगार गोळा करून त्याच्या वस्तू आप्तांच्या थडग्यांच्या शोधात येणाऱ्या यात्रेकरूंना विकल्या. परिणामी एखादी अंगठी १९१५ ची सैनिकी आहे की १९२० नंतरची विक्रीसाठी केलेली, हे केवळ घडणीवरून ओळखणे कठीण जाते. संग्राहकांच्या कप्प्यांतून या वस्तू अभ्यासाच्या कक्षेत आणण्यात निकोलस सॉन्डर्स या मानवशास्त्रज्ञाचा मोठा वाटा असून त्याचा ग्रंथ २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. लंडनचे इंपीरियल वॉर म्यूझियम आणि १९९२ मध्ये पेरॉन येथे उघडलेले महायुद्ध-संग्रहालय यांत त्यांचे संग्रह आहेत. तेथील पुष्कळ अंगठ्यांवर घेणारीची आद्याक्षरे वाचता येतात; करणाऱ्याचे नाव बहुधा कोठेच नसते.