पितळ मोडीत, मोडी रद्दीत

हा भाग ऐकण्यापेक्षा वाचणं पसंत करणाऱ्यांसाठी लिहून काढलाय. थोडी सफाई केलीय, पण बोलण्याचा सूर तसाच ठेवलाय.

तुमच्या फोनवर ती अमेरिकन रील्स येत असतीलच. लोखंडी शटरांची एक लांब रांग. कुणीतरी सामान ठेवायला गाळा भाड्यानं घेतलेला असतो, भाडं थकतं, मालक कुलूप कापतो आणि आतला सगळा माल लिलावात निघतो. बोली लावणाऱ्यांना आत पाऊल ठेवता येत नाही. दारातून बॅटरी मारायची, दिसेल तेवढं बघायचं आणि आकडा बोलायचा. २०१० साली तिकडे 'स्टोरेज वॉर्स' नावाची मालिकाच सुरू झाली. मग जगभरच्या पोरांना वाटायला लागलं की प्रत्येक बंद गाळ्यात खजिना असतो.

आता आपल्या जळगाव-धुळ्याकडे या. भाड्याच्या गाळ्यांची ती पद्धत आपल्याकडे नाही, पण बंद खोल्या भरपूर आहेत. गावातला वाडा. मुलं पुण्याला, सुरतेला, कुणी अमेरिकेत. म्हातारी माणसं गेली. भावाभावांच्या वाटण्या पंधरा वर्षांनी एकदाच्या झाल्या आणि वाडा पाडायचं ठरलं. मग माळा, तळघर, मागची कोठीची खोली, सगळं रिकामं करायचं. कुणाकडेच वेळ नाही, परतीची तिकिटं काढलेली. तेव्हा जुनं सामान घेणाऱ्याला बोलावतात. तो एक चक्कर मारतो आणि उक्ता भाव सांगतो. उक्ता म्हणजे मोजमाप नाही, निवडानिवड नाही, आहे तसं सगळं उचलायचं. अमेरिकन गाळा आणि आपला माळा यांच्यात फरक एवढाच, की तिकडे मालक पैसे थकवून गायब झालेला असतो आणि इकडे तो समोर उभा राहून घड्याळ बघत असतो.

या धंद्यातल्या माणसांशी मी बरंच बोललोय. त्यांची नजर फार तयार असते. आत शिरल्या शिरल्या आधी वर बघतात. खानदेशातल्या जुन्या धाब्याच्या घरांना सागाचे खांब, सागाची पाटाई, आणि साग घनफुटावर जातो. मग तांब्या-पितळेचे हंडे, घंगाळं, बंब. ती मोडीत, म्हणजे वजनावर. नक्षी चांगली असेल तर मोडीत न घालता वेगळी ठेवायची. मग कोरीव दरवाजा, काचेच्या हंड्या, ग्रामोफोन, पत्र्यावरच्या जुन्या जाहिराती. यातलं निवडक सामान मुंबईच्या चोर बाजारात, मटन स्ट्रीटवर पोचतं आणि तिथून हॉटेलांच्या सजावटीला. समजा त्यानं साठ हजाराला उक्तं घेतलं, तर नुसत्या सागात आणि पितळेत पैसे सुटतात. बाकीचं सगळं वरकड.

आणि कागद? कागद शेवटी. पोत्यात भरायचे, काट्यावर टाकायचे, रद्दीच्या भावानं द्यायचे.

हा भाग मला करायचा होता तो या पोत्यासाठी. बंद खोली विकत घेणारा माणूस ज्याची किंमत ओळखतो त्याचे पैसे देतो. जे ओळखता येत नाही ते किलोवर जातं. आपल्याकडे ते ओळखू न येणारं म्हणजे मोडी लिपीतले कागद. याचा इतिहास बघायला पुण्या-मुंबईला जायची गरज नाही, धुळ्यातच मिळतो.

सुरुवात १८१८ पासून करू. पेशवाई संपली, खानदेश इंग्रजांकडे गेला, कॅप्टन जॉन ब्रिग्ज पहिला कलेक्टर झाला आणि त्यानं मुख्य ठाणं धुळ्याला ठेवलं. पुढे १८५२ साली अकरावा कायदा आला, त्यावर इनाम कमिशन चालू झालं. दख्खन, खानदेश आणि दक्षिण मराठा मुलूख हे त्याचं क्षेत्र. कमिशनचा प्रश्न सरळ होता: तुमची जमीन सारामाफ आहे म्हणता, कागद दाखवा. सनद दाखवा, जुनं पत्र दाखवा. नसेल तर इनाम गेलं, सारा भरा.

त्या घरांची अवस्था डोळ्यांसमोर आणा. तोपर्यंत पेटीत पडलेले कागद एका दिवसात घराचा आधार झाले. ते रुमालात बांधले गेले. रुमाल म्हणजे खिशातला नव्हे बरं का, दप्तर बांधायचं मोठं चौकोनी फडकं. रुमाल माळ्यावर, देवघराच्या मागे, भिंतीतल्या कोनाड्यात. परक्याला दाखवायचे नाहीत, कारण परका सरकारचा माणूस असू शकतो. ही भीती पुढच्या दोन पिढ्यांना पुरली.

आणि पन्नासेक वर्षांनी अशा घरांच्या दारात एक माणूस येऊन उभा राहायला लागला. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे.

राजवाड्यांबद्दल शाळेत एक ओळ शिकवतात, 'इतिहासाचार्य'. झालं. खरा माणूस त्या ओळीत मावत नाही. बायको तरुणपणी गेली, पुन्हा लग्न केलं नाही, नोकरी टिकवली नाही. गावोगाव फिरायचं, स्वतःचं स्वतः शिजवून खायचं, आणि ज्या घरी जुने कागद आहेत असं कळेल तिथे जाऊन मागायचे. स्वभाव भयंकर तापट. इंग्रजी उत्तम येत असूनही लिहायचं ते मराठीतच, हा हट्ट. १८९८ साली त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला, पानिपतापर्यंतच्या अकरा वर्षांची पत्रं असलेला. असे एकूण २२ खंड झाले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं करणाऱ्यांतही तेच.

आता धंद्याच्या नजरेनं बघा. हा माणूस तेच करत होता जे आजचा जुन्या सामानवाला करतो. पडीक खोल्या शोधणं, मालकाला पटवणं, आतलं बाहेर काढणं. फक्त तो सागाकडे आणि पितळेकडे बघत नव्हता, पोत्याकडे बघत होता. त्याला स्पर्धाही होती. वाणी पुड्या बांधायला कागद घेत, शोभेच्या दारूवाले नळ्यांना घेत. जुना हातकागद जाड आणि चिवट, त्यांना तर तो फारच सोयीचा. शिवाय वाळवी आणि गळकं धाबं. राजवाडे एखाद्या गावी वर्षभर उशिरा पोचले तर पानिपताची एखादी हकिगत दिवाळीत आकाशात गेलेली असायची. मी हे गंमत म्हणून सांगत नाहीये.

राजवाड्यांचं अखेरचं आयुष्य धुळ्यात गेलं आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते तिथेच वारले. मागे काय उरलं? कागद, टिपणं, कोशांचं अर्धवट काम. घर नाही, पैसा नाही, बायकोमुलं नाहीत. कायद्याच्या आणि बाजाराच्या भाषेत ही सुद्धा एक बेवारस खोलीच होती. ती उक्ती गेली असती तर काय भाव आला असता? पोत्याचा. पण भास्कर वामन भट आणि इतर धुळेकरांनी १९२७ च्या सुरुवातीलाच राजवाडे संशोधन मंडळ स्थापन केलं आणि ते दप्तर धुळ्यातच राहिलं. आजही आहे.

त्याच धुळ्यात शंकर श्रीकृष्ण देव नावाचे वकील होते. लोक त्यांना नानासाहेब म्हणत. १८९३ साली त्यांनी सत्कार्योत्तेजक सभा काढली आणि गावोगावच्या रामदासी मठांतली बाडं गोळा करायला लागले. समर्थांचा शिष्य कल्याण, त्याच्या हातची डोमगावच्या मठातली प्रत धरून देवांनी १९०५ साली दासबोध छापला. ही बाडं आज धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. म्हणजे एका जिल्ह्याच्या गावात अशी दोन घरं, जिथं महाराष्ट्रभरच्या माळ्यांवरचा माल येऊन थांबला. नफा शून्य. धुळ्यात वाढलेल्या कितीतरी पोरांनी दोन्ही वास्तू आतून पाहिलेल्या नसतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मग कागदांची किंमत पडली कशी? लोक बेफिकीर झाले म्हणून, असं म्हणणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही. लिपी बदलली. १९१७ साली मुंबई सरकारनं कारभारासाठी मोडीऐवजी बाळबोध, म्हणजे आपली देवनागरी, वापरायचं ठरवलं. मोडी शाळेत पुढेही काही दशकं शिकवत होते, मग तेही थांबलं. आजोबांना वाचता येत होतं, वडिलांना अडखळत, नातवाला अजिबात नाही. ज्या घरानं १८५२ साली कागदासाठी जीव टाकला, त्याच घराला १९८० साली तो कागद नुसत्या लाटा आणि वेटोळी वाटायला लागला. मालकालाच माल ओळखता येईना. मग विकत घेणाऱ्यानं का ओळखावा?

आणि आता गाडी परत फिरलीय. तुमच्यापैकी ज्यांनी जात पडताळणीच्या रांगेत दिवस काढलेत त्यांना हे लगेच कळेल. जातीचा जुना पुरावा लागतो, आणि त्याला तारखा आहेत. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. याच्या आधीची नोंद हवी. पणजोबांचा शाळेचा दाखला, जन्म-मृत्यूची नोंद, आणि खरेदीखत किंवा गहाणखत. जुन्या खतांत लिहून देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या नावापुढे जात, धंदा, राहणार कुठला, हे लिहायची पद्धतच होती. आणि हे बरंचसं मोडीत.

२०२३ साली कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा सरकारी दप्तरांत मोडी वाचणाऱ्यांची अचानक शोधाशोध सुरू झाली. आरक्षणाच्या राजकारणात मी शिरत नाही, तो या भागाचा विषय नाही. पण हिशेब बघा. १८५२ साली ज्या प्रकारच्या कागदावर जमीन टिकत होती, तो मधल्या काळात किलोवर गेला आणि आता त्याच प्रकारच्या कागदावर एखाद्या मुलीचा मेडिकलचा प्रवेश टिकतो. सरकारी दप्तरात नोंद मिळाली तर ठीक. नाही मिळाली तर घरची पेटी. आणि घरची पेटी चार वर्षांपूर्वी बंबाच्या आणि घंगाळाच्या जोडीनं उक्ती गेलेली असते.

जुन्या सामानवाल्यांना मी यात खलनायक करणार नाही. त्यांनी नेलं नसतं तर कित्येक घरांनी तेच कागद अंगणात पेटवले असते. उलट आता या धंद्यातले काही जण कागदही वेगळे काढायला लागलेत, जुना स्टॅम्पपेपर, राणीचं किंवा राजाचं चित्र असलेला, शौकिनांना विकता येतो म्हणून. माझा आक्षेप एवढाच आहे: स्टॅम्पसाठी तो कागद सुटा विकला की खत मेलं. गठ्ठा ज्या घरातून, ज्या गावातून आला ते कळतंय तोवर त्याला अर्थ आहे. राजवाडे पत्र कुठे मिळालं हे लिहून ठेवत, ते उगीच नाही.

तुमच्यातल्या ज्यांना हा धंदा करायचाय, आणि मला तसे मेसेज येतात, त्यांनी कायदा ऐकून ठेवा. पुरावस्तू आणि कलावस्तू कायदा १९७२ चा, लागू झाला १९७६ साली. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, नाणं, कोरीव काम ही पुरावस्तू. हस्तलिखितं आणि ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाची कागदपत्रं असतील तर ७५ वर्षं पुरतात. अशा वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी माणसाला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत, ऑनलाइन गिऱ्हाईक कितीही डॉलर देवो. वाडा पाडताना पायात हंडा सापडला तर वेगळाच कायदा, १८७८ चा. जमिनीत पुरलेला ऐवज दहा रुपयांहून जास्त किमतीचा असेल तर कलेक्टरला कळवायचं. दहा रुपये! ती रक्कम कायद्यात तशीच राहिलीय.

आणि ज्यांचा वाडा अजून उभा आहे, त्यांच्यासाठी कामाचं. माळ्यावरचं पोतं उतरवलंत तर रुमाल सोडून कागद विखरू नका, आहे त्या क्रमानं प्रत्येक पानाचा फोटो काढा. फोन हातात आहेच. उजेड खिडकीचा घ्या, फ्लॅश नको. चिकटलेली पानं ओढू नका. गठ्ठ्याला गावाचं आणि घराचं नाव लावा. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाचे मोडीचे वर्ग असतात, ते करून बाहेर पडलेली माणसं तुमच्या आसपास असतात, त्यांना फोटो पाठवता येतात. सुरुवातीची 'श्री' आणि तारीख तर तुम्हीही आठवड्याभरात ओळखायला लागाल. बहुतेक कागद साधेच निघतील: बैलाची उधारी, विहिरीच्या पाण्याची पाळी, कुणाला किती मण ज्वारी दिली. एखादा निघेल ज्यात पणजोबांच्या नावापुढे सगळं लिहिलेलं असेल. पितळ मात्र खुशाल विका, त्याचा भाव सध्या बरा आहे.