जमीन दिली, विहिरीचं काय?

संगणकावरच्या मुक्त खेळांबद्दल मी कुठेतरी दोन ओळी लिहिल्या होत्या. त्या वाचून आमच्या मामांनी विचारलं, "फुकट वाटायचं तर वाटा की, त्याला परवाने नि कागद कशाला?" प्रश्न रास्त आहे. फोनवर काही नीट सांगता आलं नाही, म्हणून हा लेखाचा घाट. संगणकातल्या मंडळींना यातलं बरंच ठाऊक असेल, त्यांनी सांभाळून घ्यावं.

आधी एक गोष्ट. इंग्रजीत फुकटलाही फ्री आणि मुक्तलाही फ्री. त्यामुळे त्या लोकांना बिचाऱ्यांना दर वेळी समजावून सांगावं लागतं. आपल्याकडे दोन वेगळे शब्द तयार आहेत, पण ‘फुकट ते पौष्टिक’ म्हणून आपण पहिल्यावरच थांबतो. दुसऱ्या शब्दाला कागदाचं बळ दिलं ते रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन गृहस्थाने. त्याचा जीपीएल हा परवाना १९८९ मध्ये आला, दुसरी आवृत्ती १९९१ मध्ये. म्हणणं साधं आहे: हा प्रोग्राम वापरा, उघडून बघा, बदला, वाटा, हवं तर विका. पण दुसऱ्याला द्याल तेव्हा त्यालाही सोर्स कोड द्या आणि हेच सगळे हक्क द्या. मूळ लेखकाचा कॉपीराइट तसाच राहतो. मालकी त्याची, वहिवाट सगळ्यांची.

आता खेळाकडे वळतो. ‘वॉरझोन २१००’ हा डावपेचांचा खेळ १९९९ मध्ये बाजारात आला. इंग्लंडमधल्या बाथ गावच्या पम्पकिन स्टुडिओजने तो बनवला आणि आयडॉस या मोठ्या कंपनीने विकला. यात बुद्धिबळासारखी पाळी नसते, दोन्ही बाजूंचं सगळं एकाच वेळी चालू. कथानक असं की अणुबॉम्बनी जग बेचिराख झालंय आणि उरलेल्यांतली एक टोळी पडक्या शहरांमधून जुनं तंत्रज्ञान वेचून पुन्हा उभं राहू बघतेय. खरी गंमत रणगाडे जुळवण्यात. सांगाडा एक निवडायचा, खाली चाकं की साखळ्या ते ठरवायचं, वर बंदूक की तोफ की रॉकेट ते बसवायचं. हजारो जोड्या होतात! तोफांना लांबचं दिसावं म्हणून टेहळणीची वेगळी गाडी पुढे पाठवावी लागते, आणि ती गाडी गेली की मागच्या तोफा आंधळ्या. त्या काळच्या इतर खेळांत शत्रूवर गर्दी करून तुटून पडलं की भागायचं. इथे भागत नसे. माझ्या मते त्या दशकातल्या अशा खेळांमध्ये इतका विचार करायला लावणारे मोजकेच.

पण बाजारात विचार मोजत नाहीत. २००० मध्ये आयडॉसने हात आखडता घेतला आणि पम्पकिन बंद पडलं. खेळात चुका राहिल्या होत्या, नवीन विंडोजवर तो कुरकुरायला लागला, आणि दुरुस्त करणारं अधिकृत कुणी उरलं नाही. दुकानातून पैसे मोजून आणलेली सीडी घरात आहे, पण तिच्या आत काय लिहिलंय ते बघायची सोय नाही, अशी अवस्था. चाहते सोर्स कोड मागत राहिले. पम्पकिनच्याच एका जुन्या माणसाने मनावर घेतलं आणि ६ डिसेंबर २००४ रोजी तो जीपीएलखाली खुला झाला.

इथे खरं तर गोष्ट संपायला हवी होती. पण खेळ म्हणजे नुसता कोड नसतो. त्यात चित्रं असतात, आवाज, नकाशे, संगीत, मोहिमेआधी दाखवायच्या चित्रफिती असतात. चित्रफिती आणि संगीत दिलेलंच नव्हतं. आणि जी चित्रं नि आवाज सोबत आले त्यांनाही तोच परवाना लागू आहे की नाही, याबद्दल सोबतच्या टिपणातली भाषा मोघम.

मामांना कळेल अशा भाषेत सांगायचं तर कुणीतरी तुम्हाला जमीन कसायला लिहून दिली, पण बांधावरचा आंबा आणि मधली विहीर यांचा कागदात पत्ताच नाही. देणारा तोंडाने म्हणतो, "घ्या हो, सगळं तुमचंच." आज घ्याल. उद्या त्याचा पुतण्या सातबारा घेऊन आला तर? डेबियनसारख्या लिनक्स वाटणाऱ्या संस्था म्हणून तर एकेका फाइलचा परवाना तपासून बघतात. लोकांना वाटतं हा कारकुनी खाक्या आहे. मला त्यात शहाणपण दिसतं.

कारण पुतण्या येतो. फ्रीक्राफ्ट नावाचा असाच एक मुक्त प्रकल्प होता, वॉरक्राफ्टच्या धर्तीवरचा. २००३ मध्ये ब्लिझर्ड कंपनीची नोटीस आली की नाव आमच्या खेळांच्या जवळ जातं, आणि प्रकल्प गुंडाळावा लागला. कोड जीपीएलखाली होता म्हणून स्ट्रॅटॅगस या नव्या नावाने तो पुन्हा उभा राहिला, ही गोष्ट वेगळी. ओपनटीटीडीचं उदाहरण उलट. रेल्वे आणि वाहतुकीच्या एका जुन्या खेळावरून तो २००४ मध्ये नव्याने लिहिला गेला, पण चित्रं मूळ सीडीवरून घ्यावी लागत. शेवटी चाहत्यांनी गाड्या, स्टेशनं, झाडं, सगळं स्वतः काढलं, आवाज जमवले, आणि मूळ सीडीशिवाय चालणारी १.० आवृत्ती २०१० मध्ये आली. विहीर मिळेना तर दुसरी खणली म्हणायची!

वॉरझोनवाल्यांनी मात्र मूळ विहिरीचाच पिच्छा पुरवला. पगार नाही, वकील नाही, आणि समोरची कंपनी मध्येच, २००५ मध्ये, एससीआय नावाच्या दुसऱ्या कंपनीने घेतलेली. तरी साडेतीन वर्षांनी, जून २००८ मध्ये, खुलासा हाती आला. चित्रं, आवाज, चित्रफिती, संगीत, सगळं कोडच्याच परवान्याखाली. एप्रिल २००९ मध्ये तीच कंपनी जपानच्या स्क्वेअर एनिक्सने विकत घेतली. म्हणजे दहा महिने उशीर झाला असता तर दार पुन्हा पहिल्यापासून ठोठवावं लागलं असतं, तेही परक्या देशातल्या नव्या मालकाचं. एका बंद पडलेल्या स्टुडिओच्या जुन्या खेळासाठी त्यांनी दार उघडलं असतं का, मला शंका आहे. कागद झाला होता म्हणून मालक बदलला तरी काही अडलं नाही.

त्याच जुलैमध्ये ‘झिरो एडी’ हा दुसरा डावपेचांचा खेळ खुला झाला. प्राचीन साम्राज्यांवरचा आहे, पुढे त्यात आपले मौर्यही आले, हत्ती आणि अशोकस्तंभांसकट. त्यांनी पहिल्याच दिवशी वाटणी लिहून टाकली होती: कोडला जीपीएल, चित्रं आणि संगीताला क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना.

वॉरझोनची ४.० आवृत्ती २०२१ मध्ये आली. खेळ सुरू केला की तीच १९९९ ची चित्रफीत लागते, बेचिराख शहरांची.