फोटियसचीं टिपणें

ग्रंथ वाचणें निराळें आणि वाचलेल्या ग्रंथाची ओळख दुसऱ्यास करून देणें निराळें. पहिल्या कामीं रसिकता पुरते. दुसऱ्यास विवेकही लागतो. हा विवेक किती मोलाचा आहे, हें नवव्या शतकांतील कॉन्स्टँटिनोपलचा विद्वान फोटियस याच्या उदाहरणानें चांगलें कळून येतें.

फोटियस हा ८५८ सालीं त्या नगरीच्या ख्रिस्ती धर्मपीठावर बसला. त्यास वकिलातीबरोबर परमुलखीं जावयाचें असतां, आपल्या गैरहजेरींत वाचल्या गेलेल्या ग्रंथांची हकीकत लिहून द्यावी, अशी त्याचा बंधु तरासियस यानें मागणी केली. त्यावरून जो ग्रंथ झाला त्यांत २८० टिपणें आहेत. कर्ता कोण, भाग किती, विषय कोणता, भाषाशैली कशी, हें तो बहुधा सांगतो. कोठें दोन ओळींत आटोपतो, तर कोठें पानेंच्या पानें लिहितो. यांतील पुष्कळ मूळ ग्रंथ पुढें नष्ट झाले. भावासाठीं केलेलें काम अशा रीतीनें जगाच्या उपयोगीं पडलें.

परंतु याच टिपणांत एक उणीवही आहे आणि ती आम्हां हिंदी वाचकांस विशेष जाणवते. इराणचा बादशहा दुसरा आर्टाक्झर्क्सीस याच्या पदरीं क्टेसियस नांवाचा ग्रीक वैद्य होता. त्यानें हिंदुस्थानाविषयीं एक ग्रंथ लिहिला होता. तो आज उपलब्ध नाहीं. त्याची माहिती मुख्यतः फोटियसच्या टिपणावरूनच मिळते. त्यांत माणसाच्या तोंडाचा व विंचवासारख्या नांगीचा नरभक्षक पशु आहे, कुत्र्याच्या तोंडाचीं माणसें आहेत. त्यांचीं वर्णनें सविस्तर आहेत. हिंदी लोकांची न्यायप्रियता, राजनिष्ठा आणि मरणाविषयींची बेफिकिरी यांसंबंधीं मात्र ग्रंथकार पुष्कळ कांहीं सांगतो, एवढेंच सांगून फोटियस पुढें जातो! तें ‘पुष्कळ’ काय होतें, हें आतां कळण्याचा मार्ग नाहीं. राक्षस राहिले आणि माणसें गेलीं. फोटियसनें येथें असत्य लिहिलें असें नव्हे. नवलाईच्या गोष्टींस त्यानें प्रमाणाबाहेर जागा दिली, इतकेंच.

हें जुनें उदाहरण आज अप्रस्तुत नाहीं. २००५ सालीं स्थापन झालेल्या लिब्रिव्हॉक्स या संस्थेचे स्वयंसेवक प्रताधिकारमुक्त ग्रंथ मोठ्यानें वाचून त्यांचीं ध्वनिमुद्रणें विनामूल्य सर्वांस खुलीं करतात, आणि प्रत्येक ग्रंथासोबत त्याचा अल्पसा परिचय देतात. तेथील ग्रंथ नष्ट झालेले नाहींत, हें खरें. पण परिचय वाचून जो माघारी फिरतो त्याच्यापुरता ग्रंथ नाहींसाच होतो. म्हणून परिचयकारानें ग्रंथांत जें मुख्य आहे तें आधीं सांगावें, कथेचा शेवट फोडूं नये, स्तुतीचा पाऊस पाडूं नये; आणि आपणांस जें गमतीचें वाटलें त्यासच ग्रंथाचें सार समजूं नये. वाचकास ग्रंथाच्या दारापर्यंत नेऊन सोडावें आणि आपण बाजूस व्हावें, यांतच त्या कामाचें सार्थक आहे असें आम्हांस वाटतें.