धर्मशिक्षण, ख्रिस्ती (महाराष्ट्र व गोवा)

ख्रिस्ती श्रद्धा मुलांना व तरुणांना देण्याची परंपरा. मराठीत तिचे सर्वांत समृद्ध उदाहरण म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) यांचे क्रिस्तपुराण. १६१६ मध्ये गोव्यातील राशोल येथे ते रोमी लिपीत छापले गेले. पुराणश्रवणावर पोसलेल्या नवख्रिस्ती मनाला नुसती प्रश्नोत्तरे पाठ करून समाधान मिळत नाही, हे स्टीफन्स यांनी ओळखले. जुन्या कराराची कथा ३६ आणि नव्या कराराची ५९ अवस्वरांत (सर्गांत) त्यांनी ओवीबद्ध केली. ओवी कानानेच पाठ होते, त्यामुळे अक्षरओळख नसलेल्या घरातही ती मुलांच्या तोंडी बसे. पुढच्या कुठल्याही धर्मशिक्षण-पुस्तकाला ही उंची गाठता आलेली नाही.

रेव्ह. ना. वा. टिळक (१८६१–१९१९, बाप्तिस्मा १८९५) यांनी भजन-कीर्तनाची वाट धरली. त्यांची गीते ‘उपासना संगीत’ या ख्रिस्ती गीतसंग्रहात आहेत.

आज महाविद्यालयीन पातळीवर श्रद्धा देण्याची रीत वेगळी दिसते. लवासा येथील ख्राइस्ट विद्यापीठाचे संकुल सीएमआय या कॅथलिक धर्मसंघाशी निगडित आहे. नाना धर्मांचे तरुण जिथे पदवीसाठी येतात, तिथे श्रद्धा पोचते ती पाठांतरापेक्षा सहवासातून.

वसईत मात्र घर आणि चर्च मिळून हे काम करतात. संध्याकाळी घरात रोझरी, रविवारी चर्चमध्ये धर्मशिक्षणाचा वर्ग, त्यातून प्रथम ख्रिस्तप्रसाद आणि वाढत्या वयात दृढीकरण संस्कार. वर्ग घेणारे बहुधा गावातलेच शिक्षक, गृहिणी किंवा कॉलेजात जाणारी मुले-मुली असतात.