सातमाशी

"सातमाशी जगतं, आठमाशी जगत नाही," असे आमच्या मराठवाड्यातल्या जुन्या बायका ठामपणे सांगत. खरे तर पोटात राहिलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या फायद्याचाच, आणि सातमाशी तरी कुठे सगळी जगत होती! आमच्या थोरल्या काकूची दोन बाळे दोन-दोन दिवसांत गेली. छाती खोल जायची, कण्हल्यासारखा आवाज यायचा, मग अंग निळे पडायचे. ग्रहण पाळले नाही, असा ठपका काकूवर आला आणि तो शेवटपर्यंत पुसला गेला नाही. घरातल्या तरुण मंडळींना हे ठाऊक नसेल, म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

मी मराठी माध्यमातून बीए झालेली. विज्ञानाशी माझा संबंध स्टाफरूममधल्या गप्पांपुरता. पण हा विषय मुळात साबणाच्या पाण्याचा आहे, त्यामुळे बायकांना परका वाटू नये.

आपल्या फुप्फुसात कोट्यवधी इवल्या पिशव्या असतात आणि प्रत्येकीला आतून पाण्याचा पातळ थर असतो. पाण्याचा स्वभाव आक्रसण्याचा. थेंब गोल होतो तो त्यामुळेच. याला पृष्ठीय ताण म्हणतात. हा ताण तसाच राहिला तर श्वास सोडला की पिशव्या मिटतील आणि पुढच्या श्वासाला त्या उघडता उघडणार नाहीत. १९२९ साली कुर्ट फॉन नीरगार्ड यांनी दाखवले की फुप्फुस हवेपेक्षा द्रवाने कितीतरी कमी दाबात फुगते. म्हणजे जोर खातो तो हा ताणच. त्यांच्याकडे तेव्हा फारसे कुणी लक्ष दिले नाही.

हा ताण मोजण्याची युक्ती मात्र त्याआधीची, आणि ती स्वयंपाकघरातली! जर्मनीत आग्नेस पोकेल्स नावाची मुलगी होती. विद्यापीठाची दारे तिला बंद. घरकाम सांभाळत तिने पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या तसराळ्यात पट्टी सरकवून तेलकट थर दाबून पाहिले. तिचे पत्र १८९१ मध्ये 'नेचर'मध्ये छापून आले. १९५७ साली अमेरिकेत जॉन क्लेमंट्स यांनी फुप्फुसातला अर्क असाच दाबून मोजला, तेव्हा ताण फार खाली गेला. निसर्गाने फुप्फुसात साबणासारखे काहीतरी ठेवलेले असते! त्याला सर्फेक्टंट म्हणतात. ते पुरेसे तयार व्हायला साधारण पस्तिसावा आठवडा उजाडतो. १९५९ मध्ये बोस्टनला मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी सिद्ध केले की अशा आजाराने गेलेल्या बाळांच्या फुप्फुसात तेच नसते.

कारण कळले, पण औषध नव्हते. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला. वजन चांगले दोन किलोच्या वर. त्याच बोस्टन शहरात तो ३९ तासांनी गेला. काकूच्या बाळांसारखाच. तिथे ग्रहणाचा प्रश्न नव्हता.

नंतरची गोष्ट मला सगळ्यात रंजक वाटते. सर्फेक्टंटमधला मुख्य पदार्थ डीपीपीसी नावाचा स्निग्ध पदार्थ. साठच्या दशकात नुसता तोच बाळांच्या श्वासात फवारून पाहिला. उपयोग झाला नाही. त्याचे रेणू कडब्याच्या ताटांसारखे सरळ. पेंढी आवळली की घट्ट बसतात, त्यामुळे श्वास सोडताना थर दबूनही मोडत नाही. पण एवढे ताठ की पाण्यावर पटकन पसरत नाहीत. पसरायला वाकड्या शेपटीचे दुसरे स्निग्ध पदार्थ लागतात, थोडी प्रथिने लागतात. आणि नुसते तेच घेतले तर थर दाबाला टिकत नाही. दोन्ही हवेत. १९८० साली जपानमध्ये तेत्सुरो फुजिवारा यांनी गाईच्या फुप्फुसातल्या अर्कापासून केलेले मिश्रण दहा बाळांना दिले आणि त्यांचा श्वास सुधारला.

आता आपल्या पवईकडे येते. आयआयटी मुंबईत रिंटी बॅनर्जी आणि जयेश बेल्लारे यांनी अशा मिश्रणांचा अभ्यास केला. पसरण्यासाठी त्यांनी काय घालून पाहिले असेल? निलगिरीचे तेल आणि लवंगेचे तेल! लवंगतेलाच्या मिश्रणाची तुलना त्यांनी सर्व्हांटा, एक्सोसर्फ अशा विलायती औषधांशी केली. ते निबंध २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. सारे काम उपकरणांवरचे, बाळांवरचे नव्हे. प्रयोगशाळेतून पाळण्यापर्यंतची वाट लांब असते.

आपल्या गावात घाटीचे वैद्यकीय महाविद्यालय १९५६ साली सुरू झाले. काकूची दोन्ही बाळे त्याआधीची. पण तिला टांग्यात घालून कुठेही नेले असते, तरी त्या वेळी जगातल्या कुठल्याच डॉक्टरकडे हे औषध नव्हते.