पाच शत्रूचे, एकवीस स्वतःचे: 'हनली' पाणबुडीची कहाणी

१७ फेब्रुवारी १८६४. रात्रीचे पावणेनऊ. अमेरिकेतील दक्षिण कॅरोलिना राज्याच्या चार्ल्स्टन बंदराबाहेर नांगर टाकून उभ्या असलेल्या 'हुसाटॉनिक' या युद्धनौकेवरील पहाऱ्याच्या अधिकाऱ्याला पाण्यावर काहीतरी सरकताना दिसले. श्वास घेण्यासाठी वर आलेला एखादा जलचर असावा, असे त्याला प्रथम वाटले. धोक्याचा इशारा झाला तेव्हा ती वस्तू इतकी जवळ आली होती की, नौकेच्या तोफांची तोंडे तेवढी खाली वळेनात. खलाशांनी बंदुका झाडल्या, पण व्यर्थ. पाठोपाठ स्फोट झाला आणि बाराशे टनांहून मोठी ती नौका काही मिनिटांत तळाला गेली. तेथील पाणी उथळ असल्याने बहुतेक खलाशी डोलकाठ्यांवर चढून बचावले. पाच जण मात्र दगावले. पाणबुडीने युद्धात शत्रूचे जहाज बुडविल्याची इतिहासातील ही पहिली घटना होय. ती घडविणारी 'एच. एल. हनली' मात्र त्या रात्री परतली नाही.

पाण्याखालून शत्रूला गाठण्याची कल्पना त्यापूर्वीची. कॉर्नेलिस ड्रेबेल या डच संशोधकाने १६२० च्या दशकात लंडनच्या थेम्स नदीत पाण्याखाली वल्हवता येणारी नाव चालवून दाखविली होती. युद्धातील पहिला प्रयत्न झाला तो अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धात. डेव्हिड बुशनेल याने बांधलेल्या 'टर्टल' म्हणजे 'कासव' नावाच्या एकआसनी लाकडी पाणबुडीतून सार्जंट एझ्रा ली सप्टेंबर १७७६ मध्ये न्यूयॉर्क बंदरातील 'ईगल' या ब्रिटिश युद्धनौकेपर्यंत पोहोचला. जहाजाच्या तळाला स्क्रूने भोक पाडून तेथे दारूचे पिंप अडकवायचे, असा बेत होता. स्क्रू आत शिरलाच नाही. हल्ला झाल्याची नोंदही ब्रिटिश दप्तरात सापडत नाही.

'हनली'चा जन्म झाला तो निकडीतून. अमेरिकी यादवी युद्धात उत्तरेच्या नौदलाने दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी केली होती. कापसाची निर्यात आणि शस्त्रांची आयात दोन्ही आवळली जात होती, आणि ही कोंडी फोडण्याजोगे आरमार दक्षिणेकडे नव्हते. होरेस हनली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आधी दोन पाणबुड्या बांधून पाहिल्या होत्या. तिसरी १८६३ मध्ये अलाबामातील मोबाइल येथे तयार झाली. सुमारे चाळीस फूट लांबीच्या या लोखंडी नळकांड्यात माणसाला ताठ उभे राहण्याइतकीही उंची नव्हती. सात जणांनी शेजारीशेजारी बसून एक लांब दांडा हाताने फिरवायचा, त्यावर मागचा पंखा फिरायचा; आठवा सुकाणूवर. बुडायचे असेल तेव्हा टोकांच्या टाक्यांत समुद्राचे पाणी घ्यायचे, वर यायचे असेल तेव्हा ते हातपंपाने उपसायचे. उजेडाला मेणबत्ती. ती मंदावू लागली की आतली हवा संपत आल्याचे समजायचे. जुने वाफेचे बॉयलर कापून ही पाणबुडी केली, अशी समजूत पुढे अनेक वर्षे रूढ होती. प्रत्यक्षात ती याच कामासाठी काळजीपूर्वक बांधलेली होती.

ऑगस्ट १८६३ मध्ये रेल्वेने ती चार्ल्स्टनला आणली गेली. त्याच महिन्यात धक्क्याजवळ असतानाच उघड्या झाकणांतून पाणी शिरून ती बुडाली आणि पाच जण मरण पावले. तिला वर काढून पुन्हा सज्ज केले गेले. १५ ऑक्टोबर रोजी सरावादरम्यान बुडी मारताना तिचे नाक तळाच्या चिखलात रुतले. आतील आठही जण गेले. त्यांत स्वतः होरेस हनली होता. यानंतर चार्ल्स्टनचा सेनापती जनरल ब्यूरेगार्ड याने ही पाणबुडी पाण्याखाली नेण्यास मनाई केली. म्हणजे जगातील पहिला यशस्वी पाणबुडी हल्ला जवळजवळ पृष्ठभागावरूनच झाला! नाकाशी बसविलेल्या लांब दांड्याच्या टोकाला सुमारे ६१ किलो दारूचा सुरुंग होता. तो घेऊन शत्रूच्या अगदी अंगाशी भिडायचे होते. दोन अपघातांचा हा हिशेब ठाऊक असूनही लेफ्टनंट जॉर्ज डिक्सनला सात स्वयंसेवक मिळाले.

हल्ल्यानंतर ठरलेली खूण दिसल्याची नोंद किनाऱ्यावरील तुकडीने केली आहे. त्यापुढे काहीच नाही. तीन दुर्घटनांत मिळून पाणबुडीने आपलीच एकवीस माणसे गमावली.

या हिशेबाचे पारडे फिरण्यास पन्नास वर्षे लागली. पाण्यातून स्वतःच्या बळावर धावणारा रॉबर्ट व्हाइटहेडचा पाणतीर १८६६ मध्ये आला आणि शत्रूच्या अंगाला भिडण्याची गरज संपली. पृष्ठभागावर पेट्रोल इंजिन व पाण्याखाली विजेची मोटर ही जॉन हॉलंडची रचना अमेरिकी नौदलाने १९०० मध्ये विकत घेतली. दांडा फिरवणारे हातही मोकळे झाले. ५ सप्टेंबर १९१४ रोजी जर्मन 'यू-२१'ने ब्रिटनची 'पाथफाइंडर' बुडविली. त्याच महिन्याच्या २२ तारखेस 'यू-९' या एकट्या पाणबुडीने तासा-दीड तासात 'अबूकिर', 'हॉग' आणि 'क्रेसी' या तीन ब्रिटिश क्रूझर बुडविल्या. १,४५९ जण ठार झाले. 'यू-९' सुखरूप परतली.

'हनली'चा ठावठिकाणा लागला १९९५ मध्ये. ८ ऑगस्ट २००० रोजी ती बाहेर काढली गेली. आतील गाळ उपसताना आठही जणांचे अवशेष आपापल्या जागी आढळले. बाहेर पडण्यासाठी धडपड केल्याची चिन्हे नव्हती. संकटकाळी सोडून द्यायची तळाची वजनेही तशीच अडकवलेली होती. डिक्सनजवळ एक वाकलेले सोन्याचे नाणे सापडले. १८६२ च्या शायलोच्या लढाईत त्याला लागलेली गोळी या नाण्यावर आदळल्याने तो वाचला होता, ही दंतकथा अशा रीतीने खरी ठरली. सुरुंग पाणबुडीपासून वीस फुटांच्या आत फुटला, हे दांड्याच्या अवशेषांवरून २०१३ मध्ये स्पष्ट झाले. स्फोटाच्या दाबलहरीने सारे जागीच मरण पावले असावेत, असे ड्यूक विद्यापीठातील संशोधनाने २०१७ मध्ये मांडले. हवा संपल्याने ते गुदमरले, असे मानणारेही आहेत.

या आठ जणांचे दफन १७ एप्रिल २००४ रोजी चार्ल्स्टनच्या मॅग्नोलिया दफनभूमीत झाले. आधीच्या दोन अपघातांतील तेरा जण तेथेच विसावलेले आहेत.