दुसरी प्रत कुठे ठेवली?

पंचकार्डांच्या काळात सोर्स कोडला वजन होतं. एका कार्डावर एक ओळ, ८० रकाने. फोरट्रानमध्ये ७३ ते ८० हे रकाने कम्पायलर वाचतच नसे, तिथे कार्डाचा अनुक्रमांक टोचता येई. शिवाय गठ्ठ्याच्या वरच्या कडेवर मार्करने एक तिरपी रेघ ओढून ठेवत. गठ्ठा हातातून निसटला, कार्डं विखुरली, तरी रेघ जुळवत ती पुन्हा क्रमाने लावता येत. पण आग लागली तर रेघेचा काय उपयोग? त्यासाठी दुसरा गठ्ठाच हवा, आणि तोही दुसऱ्या इमारतीत.

१९७२ मध्ये बेल लॅब्समध्ये मार्क रॉचकाइंड यांनी एससीसीएस हे आवृत्त्या सांभाळणारं सॉफ्टवेअर लिहिलं आणि फाइलची कालची-परवाची आवृत्ती परत मागता येऊ लागली. पुढे आरसीएस, सीव्हीएस, सबव्हर्जन आले. सोय वाढत गेली, पण सगळा इतिहास सहसा एकाच सर्व्हरवर राहिला. २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांच्या गिटने ही रीत मोडली. क्लोन घेणाऱ्या प्रत्येकाच्या मशीनवर पूर्ण इतिहास उतरू लागला. एवढ्या प्रती असताना वेगळा बॅकअप कशाला, हा समजही तिथूनच रुजला.

तो किती कच्चा आहे, हे मार्च २०१३ मध्ये केडीई या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाने अनुभवलं. मुख्य सर्व्हरची फाइल सिस्टीम बिघडली. जगभरचे मिरर सर्व्हर इमानदारीने त्याचं अनुकरण करत होते, त्यामुळे बिघाडही त्यांच्याकडे पोचला. सुमारे १५०० रिपॉझिटरी जायच्या बेतात होत्या. एका सर्व्हरवर प्रती शाबूत सापडल्या म्हणून निभावलं. मिरर म्हणजे बॅकअप नव्हे, हे तेव्हा अनेकांना पहिल्यांदा नीट कळलं.

कोड स्पेसेसचं नशीब तेवढं बलवत्तर नव्हतं. लोकांचे गिट आणि सबव्हर्जन रिपॉझिटरी सांभाळणारी ही कंपनी अॅमेझॉनच्या क्लाउडवर चालायची. जून २०१४ मध्ये हल्लेखोर तिच्या कंट्रोल पॅनलमध्ये शिरला आणि खंडणी मागू लागला. कंपनीने पासवर्ड बदलायला घेतले, पण त्याने आधीच जादा लॉगिन करून ठेवले होते. मग त्याने स्नॅपशॉट, एस-३ या साठवण सेवेतला डेटा, मशीनच्या इमेजेस एकेक करून पुसायला सुरुवात केली. बारा तासांत बहुतेक सगळं गेलं, बॅकअपसुद्धा. कंपनी बंद पडली. डेटा आणि त्याचा बॅकअप एकाच किल्लीने उघडत होता, खरा घात तिथे झाला.

शिवाय क्लाउडवरचं अॅप्लिकेशन म्हणजे फक्त गिटमधला कोड नव्हे. ३१ जानेवारी २०१७ ला गिट रिपॉझिटरी सांभाळणाऱ्या गिटलॅब या कंपनीच्या एका इंजिनिअरकडून चालू डेटाबेसची डिरेक्टरी पुसली गेली. रिपॉझिटरी सुरक्षित होत्या, पण इश्यू, कॉमेंट, मर्ज रिक्वेस्ट डेटाबेसमध्ये होत्या. बॅकअप घेणारा प्रोग्रॅम जुन्या आवृत्तीचा असल्याने कधीपासून फसत होता आणि त्याची सूचना देणारे ईमेल अडवले जात होते. सुदैवाने सहा तासांपूर्वीचा एक स्नॅपशॉट हाताशी होता.

२०१८ मध्ये अॅमेझॉनने एस-३ ला ऑब्जेक्ट लॉक दिलं. कम्प्लायन्स मोडमध्ये ठेवलेली प्रत मुदत संपेपर्यंत खात्याच्या मूळ मालकालाही पुसता येत नाही. रिपॉझिटरीचा सगळा इतिहास गिट बंडलने एका फाइलमध्ये बांधायचा, ती वेगळ्या खात्यात अशा कुलपाखाली ठेवायची आणि अधूनमधून कोऱ्या मशीनवर उतरवून अॅप्लिकेशन खरंच उभं राहतं का ते पाहायचं, असं आता जाणती टीम करते.